लिहून पोट भरणाऱ्यांनो, इथे या

कॉलनीत माझी ओळख "तो घरीच असतो" अशी आहे. त्यामुळे अख्ख्या विंगचे गॅस सिलिंडर, कुरिअर आणि गावी गेलेल्यांच्या तुळशी माझ्या अंगावर. लग्नाच्या बोलणीत वडील "कॉम्प्युटरवर असतो" एवढंच सांगतात आणि विषय बदलतात. फ्रीलान्स लिहिणाऱ्यांनी आपापलं रडगाणं इथे गावं. सुरात असलंच पाहिजे असं नाही.

कोल्हापुरी_तांबडा
1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आमचं आर्थिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. संपादकांचा मेसेज येतो: विषय तुमच्या आवडीचा, शब्दमर्यादा आमची, मानधन यथाशक्ती. अंक धनत्रयोदशीला हातात. यथाशक्ती मात्र होळीपर्यंत शक्ती गोळा करत असते.
परवा सीए मित्राने अभिनंदन केलं. म्हणे, व्यावसायिक फीवर टीडीएस कापायची मर्यादा 30,000 होती, एप्रिल 2025 पासून 50,000 झाली. अरे बाबा, 30,000 असतानाही माझा कधी कापला गेला नव्हता. एकदा तरी कापा रे कोणीतरी!

शब्दाला_सव्वा
मला शब्दावर पैसे मिळतात. 'घराघरांतूनसुद्धा' हा आमचा एक शब्द. त्याच एजन्सीतली हिंदीवाली 'घर घर से भी' लिहून चार शब्दांचे घेते. विभक्ती प्रत्ययांनी माझं जेवढं नुकसान केलंय, तेवढं शेअर बाजारानेही केलेलं नाही.

टाकबोरू
मी मंगलाष्टकं लिहून देते. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीला 19 अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. दिसायला राजेशाही, पण रिझर्व्हेशन फार कडक. लागोपाठ तीन लघू, म्हणजे ऱ्हस्व अक्षरं, ओळीत एकाच जागी बसतात, नवव्या ते अकराव्या अक्षरावर. एका वधूच्या आत्या कमल, मावशी विमल, आजोबा शरद. तीन ओळींत तिघांची सोय केली. गजाननकाकांना चौथ्या ओळीत सातव्या अक्षरापासून बसवलं, पुढे 'कुर्यात् सदा मङ्गलम्'. कडवं पाठवून दिलं.
रात्री फोन. "अहो ताई, कुसुमकाकू राहिल्या की! काकांच्याच ओळीत घ्या ना, शेजारी."
कुसुम म्हणजे पुन्हा तीन लघू, आणि ती जागा गजाननातल्या दोन 'न'नी अडवलेली. म्हटलं, काकूंना घ्यायचं तर काकांना उठवावं लागेल.
पलीकडून काकूच बोलत होत्या. म्हणाल्या, "उठवा."
मानधनाच्या जागी साडीचोळी झाली. नेसते अधूनमधून, वाण्याला मात्र रोखच लागते.

श्रीलिपी_पीडित
माझं दुखणं छोटं. युनिकोडमध्ये पाठवलेली कविता छापखान्याच्या फाँटमध्ये जाताना रफार हरवून आली. दोन वाचकांनी "नवा प्रयोग आवडला" असं कळवलं. मी आभार मानले.

कोल्हापुरी_तांबडा
@टाकबोरू, बहिणीचं लग्न ठरतंय. मामा दोनच, सुरेश आणि रमेश. ओळखीत काही कमी होईल का?

टाकबोरू
एका ओळीत दोघे मावत नाहीत, मामा वेगवेगळ्या ओळींत बसतील. ओळखीचा दर तोच आहे. निम्मे आगाऊ आले की सुरेशमामा, उरलेले आले की रमेशमामा.