रुईवर बसलेला प्रत्येक जण रुई खातो का? वहीत लिहायचं कसं?

वहीवाली_भांडुप
नमस्कार मंडळी. स्टेशनकडे जायच्या गल्लीत, रुळांच्या भिंतीच्या अलीकडे रुईची सात झुडपं आहेत. जूनपासून रोज कामावर जाताना तिथे दहा मिनिटं थांबते आणि दिसेल ते वहीत उतरवते. दोन लोकल सुटतात, पण आता सवय झाली. भिंतीला लागून झोपणारा कुत्राही भुंकायचा थांबलाय.

आतापर्यंत मिळालेले: शेंड्यांवर पिवळाधमक मावा, लाल-काळ्या ढेकण्या, पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे नाकतोडे, बिबळ्या कडवा या फुलपाखराचे सुरवंट, मुंगळे, लेडीबर्ड, फुलांवर मोठा काळा भुंगा. सगळ्यांना ‘रुई खाणारे’ या रकान्यात टाकत गेले. परवा त्याच रकान्यात सरडा लिहिला आणि माझं मलाच हसू आलं.

दुसरी पंचाईत अशी की बाजूच्या एरंडाच्या पानाखाली बिबळ्या कडव्याचा हिरवा कोष लटकलेला सापडला. मग एरंडही त्याच्या खाण्यातलं झाड धरायचं का?

माहीमकर_काका
ताई, रकान्याचं नावच चुकलंय. ‘खाणारे’ खोडून ‘काय करताना दिसला’ लिहा. पान कुरतडत होता, सोंड खुपसून होता, मध पीत होता, की नुसता बसला होता? मग झाडाचा कुठला भाग तेही लिहा.

तुमचा मावा कोवळ्या शेंड्यातला रस ओढतो. लेडीबर्ड त्या माव्याला खायला येते, रुईशी तिला घेणंदेणं नाही. मुंगळे माव्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट्यासाठी येतात. सरडा या सगळ्यांसाठी. भुंगा मधाचा गिऱ्हाईक, पण रुईचं परागीभवन त्याच्याच जिवावर चालतं, म्हणून त्याला हलकं समजू नका. ढेकण्या नीट बघा, त्यांची सोंड बऱ्याचदा फळात, बियांपर्यंत गेलेली असते. आणि एखादं हिरवं फळ उघडून पाहाच. रुईची फळमाशी आत अंडी घालते, तिच्या अळ्या कोवळ्या बिया खातात. बाहेरून हे कधीच दिसणार नाही. फक्त चिकाचा हात डोळ्याला लावू नका, मी एकदा लावलाय.

कोषाचं म्हणाल तर सुरवंट पोट भरल्यावर झाड सोडून चालू पडतो आणि सोयीची जागा बघून लटकतो. एरंड त्याचं बिऱ्हाड, जेवण नव्हे. एरंडावर खरोखर खाणारे वेगळे आहेत.

आरे_पायवाट
काकांशी सहमत. एक भर घालतो. पावसाळा सरताना आरेच्या जंगलात सुकलेल्या खुळखुळ्याच्या आणि भुरुंडीच्या झुडपांवर कडवा फुलपाखरांची झुंबड उडते. मी पहिल्या वर्षी थाटात ‘खाद्यवनस्पती’ लिहून मोकळा! ते जवळजवळ सगळे नर असतात. सुकलेल्या भागावर सोंड घासून आतली द्रव्यं ओढून घेतात आणि त्यातून मादीला भुलवायचा गंध तयार करतात. त्यांची पिल्लावळ तिथे एक पानही खात नाही. एकदा चुकीची नोंद छापली गेली की पुढचे लोक ती डोळे झाकून उतरवतात.

खिडकीतली_बाग
मी सरळ सुरवंट घरी आणते आणि दोन-तीन झाडांची पानं पुढे ठेवते. जे खाईल ते लिहिते. सोपं!

माहीमकर_काका
सोपं आहे, पण अडचणीचं. डब्यात कोंडलेला उपाशी सुरवंट भलतंच पान चावून बघतो. ती नोंद ठेवायची तर पुढे ‘डब्यात’ असं ठळक लिहा. रानातल्या नोंदीत मिसळू नका.

आरे_पायवाट
फोटोचंही सांगतो. नुसत्या सुरवंटाचा क्लोजअप पाठवतात लोक, मागे हिरवा धूर! झाड ओळखायचं कसं? पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, फूल असेल तर फूल, आणि मग सुरवंट. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना प्राण्याची आणि झाडाची वेगळी नोंद करा, एकीत दुसरीचा दुवा द्या. वहीवाली, तुमच्या सुरवंटाच्या पाठीवर काळ्या शिंगांच्या किती जोड्या आहेत? तीन असतील तर बिबळ्या कडवा. चार असतील तर हबशी हे दुसरं फुलपाखरू, पण त्याचा सुरवंट शोधायचा तर कण्हेरीवर बघा.

आणि जे खाताना दिसत नाही त्याचं काय? उदमांजराला फळ खाताना मी कधीच पाहिलेलं नाही. कातळावरच्या विष्ठेत बिया मिळतात. मी तसंच लिहितो: ‘विष्ठेत बिया’.

वहीवाली_भांडुप
तीन जोड्या! काल मोजल्या. आणि त्याला खातानाही पाहिलं. आधी पानाची शीर कुरतडली, चीक गळून जाऊ दिला, मग पुढच्या भागाला तोंड लावलं. अकरा मिनिटं गेली, लेटमार्क लागला.

वही नव्याने आखली. ज्या दिवशी काहीच दिसलं नाही तेही आता लिहिते, आधी ती पानं कोरी सोडायचे. सरड्याला ‘नुसता बसला’मध्ये हलवलंय.

एक रकाना मात्र वाढवावा लागला. शुक्रवारी दुपारी हारवाल्या मावशी येतात आणि शनिवारच्या मारुतीच्या हारांसाठी पानं खुडून नेतात. मी हिशोब धरला तर या सात झुडपांची सगळ्यात जास्त पानं तिथेच जातात, सुरवंट कुठल्या कुठे राहिले. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “आळीचं पान देवाला चालत नाय, मी बघून घेते.” कुठल्या झुडपावर आळ्या जास्त लागतात हे त्यांना माझ्या वहीपेक्षा आधीपासून ठाऊक आहे. तिसऱ्या.

या शुक्रवारी तिसऱ्या झुडपाच्या खालच्या फांदीवर दोनच पानं उरली होती, दोन्हींवर सुरवंट. मुद्दाम ठेवली की हात पोचला नाही, ते विचारायचं राहिलंय.