मिल्टन किनाऱ्याजवळ : श्रेणी उतरली, पण धोका उतरला का?

प्रश्न (9 ऑक्टोबर 2024, दुपार)
7 ऑक्टोबरला मेक्सिकोच्या आखातात ज्याचा केंद्रीय दाब 897 मिलिबारपर्यंत घसरला होता, ते मिल्टन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याकडे सरकताना पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतून खाली उतरत आहे. उपग्रहचित्रातील त्याचा डोळाही (केंद्रातील शांत वर्तुळ) विस्कटला आहे. माझी बहीण त्याच किनाऱ्यावरच्या टँपा शहरात राहते. समुद्राच्या उधाणाचा धोका कमी झाला, असे मानावे का?

पहिले उत्तर
मुळीच मानू नये. वरच्या थरांतील वेगळ्या दिशेचे वारे आणि कोरडी हवा यांमुळे केंद्राजवळचा वेग घटत असला, तरी वादळी वाऱ्यांचा घेर रुंदावला आहे आणि लोटले गेलेले पाणी श्रेणी बदलली म्हणून मागे फिरत नाही. श्रेणी केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरते.

दुसरे उत्तर
टँपासाठी वादळाचे केंद्र टँपा खाडीच्या उत्तरेला धडकते की दक्षिणेला, हाच कळीचा मुद्दा आहे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असल्यामुळे या किनाऱ्यावर केंद्राच्या दक्षिणेस समुद्र जमिनीवर चढतो, तर उत्तरेस पाणी बाहेर ओढले जाते. 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळाच्या वेळी टँपा खाडीचा तळ उघडा पडला होता आणि लोक त्यावर चालत गेले होते. आज तसे दिसले तर कृपया कोणीही खाली उतरू नये. वारा फिरला की पाणी परत येते.

तिसरे उत्तर
केवळ केंद्राकडे पाहू नका. वादळाच्या बाहेरच्या पावसाळी ढगांच्या पट्ट्यांमुळे दक्षिण फ्लोरिडात आजच टोर्नेडो उठले आहेत. बहिणीचे घर स्थलांतराच्या क्षेत्रात असेल, तर तिने अजून तिथे थांबू नये.