सल्ला हवा आहे : स्वयंचलित असेंब्ली यंत्रावरील ऑपरेटरांचे प्रशिक्षण कसे आखावे?

चाकणवासी :
नमस्कार मंडळी,

चाकण औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी उत्पादन विभाग पाहतो. आम्ही मोटारींच्या दारांची कुलपे बनवतो. आजवर हातप्रेसवर आणि साध्या जिगवर (भाग जागेवर धरणाऱ्या साच्यावर) होणारी जुळणी तीन महिन्यांपूर्वी आम्ही आठ स्टेशनांच्या फिरत्या टेबलाच्या यंत्रावर नेली. दोन बाऊल फीडर (सुटे भाग थरथरवून रांगेत पुढे पाठवणारी भांडी), एक रिव्हेटिंग, दोन स्क्रू बसवणारी स्टेशने आणि शेवटी तपासणीचा कॅमेरा, असा हा संच आहे. यंत्र पुरवणाऱ्यांनी दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले, परंतु ते इंग्रजी स्लाइडवर आणि मुख्यतः स्क्रीनवरची बटणे दाखवण्यापुरतेच होते. तीन पाळ्यांत मिळून सव्वीस ऑपरेटर आहेत. त्यांतले निम्म्याहून अधिक कंत्राटी, काही मराठवाड्यातले, काही बिहार-ओडिशातले.

गेल्या पंधरवड्यात दुसऱ्या पाळीत एका मुलाचे बोट फिक्स्चरमध्ये, म्हणजे पार्ट घट्ट धरणाऱ्या पकडीत, चेमटले. हाड वाचले, नख गेले. यंत्र तेव्हा थांबलेले होते असे सगळेच सांगतात, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. आता व्यवस्थापनाने आठ दिवसांत प्रशिक्षणाचा आराखडा मागितला आहे आणि त्याच कागदावर उत्पादन वाढवण्याचीही अपेक्षा धरली आहे. काय शिकवावे, कोणत्या क्रमाने शिकवावे आणि त्यासाठी बाहेरची संस्था बोलवावी का, यावर अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुना फिटर :
एकतीस वर्षे मेंटेनन्समध्ये काढली, त्यावर सांगतो. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. स्वयंचलित यंत्र सुरळीत चालू असते तेव्हा ऑपरेटरचा हात सहसा आत जात नाही. तो जातो पार्ट अडकल्यावर. दिसायला थांबलेले यंत्र बहुतेक वेळा ऑटो मोडमध्येच असते आणि एखाद्या सेन्सरच्या संकेतासाठी खोळंबलेले असते. मुलाने तिरका बसलेला पार्ट बोटाने सरळ केला, सेन्सरला पार्ट दिसला, पीएलसीने, म्हणजे यंत्राच्या नियंत्रक संगणकाने, पुढची पायरी चालवली आणि हवेवर चालणारा सिलिंडर खाली आला. यंत्राने त्याच्या हिशेबाने काहीच चूक केलेली नसते. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला दिवस यंत्र चालवण्यावर घालवू नका, थांबलेल्या यंत्रावर घालवा.

दुसरी गोष्ट हवेची. इमर्जन्सी स्टॉप दाबला की सगळे निर्धोक झाले, असे नवीन मुले धरून चालतात. 50 मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये 6 बार हवा असेल, तर त्याचा जोर साधारण 1,180 न्यूटन, म्हणजे सुमारे 120 किलो वजनाएवढा होतो. मधल्या स्थितीत सर्व मार्ग बंद करणारा व्हॉल्व्ह बसवला असेल, तर मुख्य हवा बंद करून लाइन रिकामी केली तरी सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना हवा कोंडलेली राहते. गेजचा काटा शून्यावर असतो आणि आत जोर तसाच. अडकलेला पार्ट उपसला की दांडा झटक्यात सरकतो. हे फळ्यावर सांगून कोणाला पटत नाही. मी एका सिलिंडरखाली लाकडी पट्टी अडकवून, हवा बंद करून, पोरांना गेज वाचायला लावत असे आणि मग लांब चिमट्याने पट्टी ओढत असे. तो 'ठक्' आवाज ऐकल्यावर दुसऱ्यांदा समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली नाही.

तेव्हा आधी प्रत्येक स्टेशनजवळ उभे राहून लिहून काढा : इथे काय अडकते, ते काढायला आज माणूस काय करतो आणि त्याने काय करायला हवे. आमच्याकडे बाऊल फीडरमधला वॉशर मोकळा करायला सायकलची तार वापरत असत आणि ती तार पॅनेलच्या दारामागे लपवून ठेवलेली असे. तुमच्याकडेही अशी एखादी तार कुठेतरी असेलच. ती सापडेपर्यंत आराखडा लिहू नका.

भोसरीकर :
वरील प्रतिसादाशी सहमत. जोडीला एवढेच की एचएमआयवरचे (यंत्राच्या स्क्रीनवरचे) अलार्म मराठीत आणि हिंदीत करून घ्या. 'स्टेशन 4, क्लॅम्प मागे आला नाही' असे स्क्रीनवर दिसले, तर माणूस चौथ्या स्टेशनकडेच जातो. नुसता क्रमांक दिसला, तर तो सगळी दारे उघडत सुटतो. बहुतेक पॅनेलवर भाषा बदलण्याची सोय असते. यंत्र पुरवणाऱ्याकडे संदेशांची यादी मागा, भाषांतर लाइन लीडरकडून करून घ्या. ग्रंथांतली मराठी तिथे नको.

कुलूपकिल्ली :
मी कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून काम केले आहे. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 21 मध्ये यंत्राला संरक्षक कठडे घालण्याची जबाबदारी होती आणि कलम 22 मध्ये चालू यंत्रावर तपासणी, वंगण किंवा जुळवाजुळव करायची असेल, तर ती खास प्रशिक्षित, घट्ट कपडे घातलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावी असे म्हटले होते. कायद्याची चौकट आता बदलत असली, तरी नोंदवहीत नाव असल्याखेरीज हात लावायचा नाही ही शिस्त मला आजही सर्वांत कामाची वाटते. प्रत्येक ऑपरेटरला स्टेशननिहाय परवानगी द्या आणि ती त्याच्या ओळखपत्राच्या मागे लिहा. अर्धवट शिकलेल्याला रात्रपाळीत एकटे ठेवण्याचा मोह त्याने बराच आवरतो.

लाइट कर्टनबद्दलही, म्हणजे हात आत जाताच यंत्र थांबवणाऱ्या प्रकाशकिरणांच्या पडद्याबद्दलही, एक सांगायचे आहे, कारण तो पडदा नेमका इतक्याच अंतरावर का, हे ऑपरेटरला कोणी सांगत नाही. आयएसओ 13855 या मानकात हाताचा वेग सेकंदाला 2,000 मिलिमीटर धरतात. यंत्र पूर्ण थांबायला 0.15 सेकंद लागत असतील, तर 14 मिलिमीटर रिझोल्यूशनचा (तेवढी बारीक वस्तूही टिपणारा) पडदा धोक्याच्या जागेपासून किमान 300 मिलिमीटर दूर हवा. व्हॉल्व्ह सुस्तावून हाच वेळ 0.2 सेकंदांवर गेला, तर अंतर 400 मिलिमीटर लागेल. पडदा मात्र जुन्याच जागी असतो. थांबण्याचा वेळ मोजण्याचे काम मेंटेनन्सच्या वेळापत्रकात घाला.

बाहेरच्या संस्थेविषयी : मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय नवी मुंबईत आहे आणि स्वयंचलनाच्या तांत्रिक शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथे तुमचे दोन-तीन प्रशिक्षक पाठवा. सव्वीसच्या सव्वीस ऑपरेटरांना तुमच्या यंत्राचे धडे मात्र तुमच्याच यंत्रावर मिळाले पाहिजेत.

चाकणवासी :
सर्वांचे आभार. तार सापडली, ती तार नसून घासून टोकदार केलेला जुना स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याहून वाईट म्हणजे दाराच्या इंटरलॉकची (दार उघडताच यंत्र थांबवणाऱ्या स्विचची) सुटी जीभ एका खणात मिळाली, दोरा बांधून. ती खाचेत घातली की दार उघडे ठेवूनही यंत्र चालते. ज्यांच्याकडे ती मिळाली त्यांच्यावर कारवाई करावी का?

सातपूरची लाइन लीडर :
कारवाई करण्याआधी तासाच्या उत्पादनाचा फलक पाहा, अशी विनंती आहे. मी नाशिकला अशाच लाइनवर सात वर्षे काम करते आहे. पूर्वी जिथे होते तिथे दर तासाला फलकावर आकडा लिहायचा आणि तो कमी असेल तर लाल खडूने लिहायचा, असा नियम होता. दार उघडून, पार्ट काढून, दार लावून पुन्हा होमिंग (यंत्र सुरुवातीच्या स्थितीत आणणे) करायला चार मिनिटे लागत आणि तासाभरात पाच वेळा पार्ट अडके. लाल आकडा टाळायला खणातली जीभ आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होती, साहेबांनाही. नंतर एकीची ओढणी अडकली तेव्हा चौकशीत 'निष्काळजीपणा' एवढेच लिहिले गेले.

म्हणून सुटी जीभ जप्त करा, पण ती का लागत होती तेही सोडवा. थांबे मोजायला ऑपरेटरलाच शिकवा : स्टेशन, काय अडकले, किती वेळ गेला, एवढे तीनच रकाने. आमच्या आताच्या लाइनवर दोन आठवड्यांच्या नोंदीत निम्म्याहून जास्त थांबे एकाच फीडरचे निघाले आणि दोष यंत्रात नसून पुरवठादाराच्या वॉशरवरील बरीत (कापताना कडेला राहिलेल्या खरबरीत कंगोऱ्यात) होता. वॉशर बदलल्यावर हात आत घालण्याचे प्रसंगही कमी झाले आणि फलकही सुधारला. तुमच्या व्यवस्थापनाला उत्पादनवाढ हवी आहे ना, ती इथे मिळेल.

जुना फिटर :
ताईंनी नेमके बोट ठेवले. शिकवण्याच्या पद्धतीबद्दल तेवढे लिहायचे राहिले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतील मुकादमांसाठी चार पायऱ्यांची पद्धत तयार झाली आणि पुढे जपानी कारखान्यांनी ती उचलली : आधी माणसाची तयारी करून घ्या, मग काम करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, नंतर अधूनमधून जाऊन पाहा. आपल्याकडे दुसऱ्या पायरीवर सही घेऊन टाकतात. तिसऱ्या पायरीत माणसाने हात चालवता चालवता प्रत्येक कृती का करतो ते तोंडाने सांगितले पाहिजे. 'हवा आधी का सोडली?' याला 'साहेबांनी सांगितले म्हणून' असे उत्तर आले, की सही करायची नाही.

कुलूपकिल्ली :
एका बाबतीत ठाम राहा. हात फिक्स्चरच्या आत जाणार असेल, तर वीज आणि हवा दोन्ही मुख्य ठिकाणी बंद करून, कोंडलेली हवा सोडून, त्या माणसाचे स्वतःचे कुलूप लागलेच पाहिजे आणि किल्ली त्याच्याच खिशात राहिली पाहिजे. दोघे आत असतील तर कुलपेही दोन. पाळी बदलली तर जुने कुलूप निघण्याआधी नवे लागले पाहिजे.

चाकणवासी :
पाच आठवड्यांनी लिहितो आहे. आराखडा मंजूर झाला. पहिला दिवस थांबलेल्या यंत्राचा ठेवला. लाकडी पट्टीचा प्रयोग केला आणि मागे उभे असलेले आमचे प्लँट हेडही दचकले. बावीस जणांची स्टेशननिहाय नोंद झाली, चौघांना पुन्हा बसवणार आहोत. थांब्यांच्या नोंदींत दुसऱ्या स्क्रू स्टेशनचा वाटा सर्वांत मोठा निघाला. तिथे स्क्रू पिळणाऱ्या बिटची झीज वेळेवर तपासली जात नव्हती. बोट चेमटलेला मुलगा आता नव्यांना कुलूप कसे लावायचे ते दाखवतो. ते काम त्याने स्वतःहून मागून घेतले.

एक अडचण उरली आहे. रात्रपाळीत मेंटेनन्सचा एकच माणूस असतो आणि कोंडलेली हवा सोडायला प्रत्येक सिलिंडरपाशी हाताने उघडायचा व्हॉल्व्ह बसवायचा म्हटले, तर यंत्र पुरवणारे वॉरंटीचा मुद्दा काढतात. असा बदल कोणी लेखी मान्यता घेऊन करून घेतला असेल, तर पत्रात काय मागितले ते कळवावे.