एकाच पक्षाची ७१ वर्षं: मेक्सिकोला फळली की बाधली?

सांजवारा (धागाकर्ता)

परवा मित्रांच्यात मेक्सिकोचा विषय निघाला आणि एकाने ठोकूनच दिलं की १९१० ची क्रांती म्हणजे नुसता रक्तपात, शेवटी काय तर एका हुकूमशहाच्या जागी एक पक्ष येऊन बसला. मला पटत नाही म्हणून इथे टाकतोय. या आणि भांडा.

पीआरआय, म्हणजे 'संस्थात्मक क्रांतिकारी पक्ष' (नावातच गंमत आहे, शासनमान्य वादळ म्हटल्यासारखं), याने १९२९ ते २००० सलग राज्य केलं. मध्ये दोनदा नाव बदललं, बिऱ्हाड तेच. याला सरसकट हुकूमशाही म्हणून मोकळं होणं आळशीपणाचं आहे असं माझं मत.

आधी काय होतं ते बघा ना. पोर्फिरिओ दियाझ १८७६ मध्ये सत्तेवर आला तो 'फेरनिवड नको' अशी घोषणा देत, आणि मग मधली चार वर्षं सोडली तर १९११ पर्यंत गडी खुर्चीवरून उठलाच नाही. रेल्वे आणली, परदेशी पैसा आणला, सगळं खरं, पण गावोगावच्या सामाईक जमिनी हासिएंदावाल्यांच्या, म्हणजे बड्या जमीनदारांच्या, घशात गेल्या. १९१० मध्ये निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मादेरोने त्याचीच जुनी घोषणा त्याच्यावर उलटवली आणि म्हातारा पॅरिसला पळाला. इथवर ठीक. पण पुढे मादेरोला १९१३ मध्ये मारलं, शेतकऱ्यांचा पुढारी सापाता याला १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कारांसाच्या सैन्याने बोलावून घेऊन दगा केला, वर्षभरात जनरल ओब्रेगॉनच्या बंडात कारांसा गेला, आणि ओब्रेगॉन? एकदा राष्ट्राध्यक्ष होऊन झाल्यावर त्याने घटना बदलून घेतली, १९२८ ला परत निवडून आला आणि शपथ घ्यायच्या आधीच एका हॉटेलात जेवताना व्यंगचित्र काढून दाखवायला आलेल्या पोराने गोळ्या घातल्या.

त्यानंतर मावळत्या राष्ट्राध्यक्ष काय्येसने डोकं लावलं. सगळ्या जनरलांना आणि प्रांतोप्रांतीच्या दादा लोकांना एका पक्षात कोंबलं, भांडायचं तर आत भांडा. वर राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षं आणि मग घरी, परत नाही म्हणजे नाही. त्याच काळात अर्जेंटिना, ब्राझील, चिली, ग्वाटेमाला सगळीकडे रणगाडे रस्त्यावर आले आणि मेक्सिकोत १९४६ नंतर एकही जनरल राष्ट्राध्यक्ष झाला नाही. हे कमी आहे का?

नाठाळ

अहो कमी नाही, पण किंमत कोणी मोजली ते पण लिहा की. माणूस सहा वर्षांनी जायचा हे बरोबर, पण पुढचा कोण हे जाणाराच ठरवायचा. तिकडे त्याला शब्दच आहे, 'देदासो', म्हणजे बोट दाखवणं. साहेबांनी बोट केलं की दुसऱ्या दिवशी अख्खा पक्ष त्या माणसाच्या दारात हार घेऊन. १९७६ ला तर कहर, मतपत्रिकेवर अधिकृत उमेदवार एकच, लोपेस पोर्तियो. विरोधकांना आपसात भांडून उमेदवारच देता आला नाही आणि कम्युनिस्टांचा जो होता त्याच्या पक्षाला नोंदणीच नव्हती. याला निवडणूक म्हणायची?

पेरूच्या एका मोठ्या लेखकाने १९९० मध्ये मेक्सिकोच्याच टीव्हीवर बसून या प्रकाराला 'परिपूर्ण हुकूमशाही' म्हटलं होतं, कारण वरून ती हुकूमशाही वाटतच नाही. दियाझ निदान दिसायचा तरी. एक माणूस, त्याला घालवला की काम झालं. इथे कोणाला घालवायचं?

आणि रणगाड्यांचं म्हणाल तर २ ऑक्टोबर १९६८, तलातेलोल्को. ऑलिम्पिकला दहा दिवस राहिलेले, चौकात विद्यार्थ्यांची सभा, चारी बाजूंनी लष्कर आणि गोळीबार. किती मेले याचा आकडा आजही वादात आहे. तेव्हाचा गृहमंत्री एचेवेरिया दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाला आणि २०२२ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी मेला, शिक्षा शून्य. लष्कर बराकीतच होतं म्हणे.

वावरातला

राजेहो, तुमी दोघंही राजधानीतच फिरून राह्यले, शेतकऱ्याचं कोणीच बोलत नाही. क्रांती झाली कशासाठी? जमिनीसाठी. सापाता मोरेलोसचा, तिथं उसाच्या मळेवाल्यांनी गावंच्या गावं गिळली होती. १९१७ च्या घटनेत कलम २७ आलं, जमीन आणि जमिनीखालचं सगळं देशाचं. पण कागदावरच पडून होतं, खरं हलवलं ते राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनासनं. १९३४ ते ४० मंदी त्यानं १ कोटी ८० लाख हेक्टरच्या आसपास जमीन वाटली. ला लागुना भागात १९३६ साली मजुरांनी संप केला अन् सरकारनं कापसाच्या मळ्यांची जमीन त्याइलेच देऊन टाकली. मी कापूसवाल्याच्या घरचा हाये, मले हे वाचूनच अंगावर काटा येते.

अन् ज्या काय्येसनं त्याले आणलं तो मागून दोरी ओढत होता, त्यालेच कार्देनासनं १९३६ मंदी विमानात बसवून देशाबाहेर धाडलं. गोळी नाही घातली, विमान दिलं. हा फरक काहून दिसत नाही तुमाले, नाठाळराव?

एक आपल्या घरची गोष्ट. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदरवाले, ते १९२४ साली मेक्सिकोत पोचले अन् चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. मक्यावर काम केलं, शेतकऱ्याच्या पोरायसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरानं शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्याइचं चित्र काढलं, टेबलाशी बसून भाकर मोडून सगळ्याइले वाटून राह्यले असं. २०२२ साली चापिंगोत पुतळा पण बसला. त्या शाळेचं ब्रीदच असं की इथं जमीन पिळायला शिकवतात, माणसाला नाही. ज्या देशात असं वाक्य सरकारी शाळेच्या भिंतीवर येते तिथली क्रांती फसली म्हणता?

दीड शहाणा

वावरातला भाऊ, भिंतीवर आपल्याकडे पण बरंच काय काय लिहिलेलं असतं :)

खानखोज्यांबद्दल आदर आहेच पण एहीदोचं पुढचं सांगा ना. एहीदो म्हणजे गावाला मिळालेली सामाईक जमीन. १९९२ पर्यंत नियम असा की कसायचा हक्क तुझा, पण विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाण टाकता येत नाही. म्हणजे आपल्या भाषेत सातबारा सरकारच्या खिशात आणि नांगर तुझ्या हातात. गहाण टाकायला काही नाही म्हणजे खासगी कर्ज नाही, मग बियाणं, पाणी, कर्ज सगळं सरकारी बँकेकडून, आणि ते मिळवून देणार कोण तर १९३८ ला काढलेली शेतकरी महासंघटना, जी सरळ पक्षाची शाखा. कामगारांची वेगळी शाखा. सभा असली की ट्रक भरून माणसं, त्यांना 'अकारेआदोस' म्हणतात, वाहून आणलेले. जमीन दिली, सोबत दावंही दिलं. मी तर म्हणेन कार्देनासने पीआरआयला जो पाया घालून दिला तेवढा काय्येसलाही जमला नसता. हेतू चांगला असेल, मी नाही म्हणत नाही, पण यंत्र त्यानेच बांधलं.

माजघर

इतका वेळ वाचतेय, एकाही मर्दाला बायका आठवल्या नाहीत म्हणून लिहिते.

१८ मार्च १९३८ ला कार्देनासने परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. आता भरपाई द्यायची तर पैसे कुठून? तर राजधानीत बेयास आर्तेसच्या महालापाशी बायकांची ही मोठी रांग. कोणी अंगठ्या, कोणी कानातले, आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी कोंबड्या आणल्या. खरंच, जिवंत कोंबड्या, देशाचं तेल सोडवायला! मला हे दृश्य फार आवडतं आणि त्याच वेळी संताप येतो.

कारण त्याच सुमारास बायकांना मतदानाचा हक्क द्यायची घटनादुरुस्ती अडकून पडली होती. कार्देनासनेच मांडली होती १९३७ मध्ये. संसदेत पास, राज्यांत पास. फक्त शेवटचं जाहीर करून राजपत्रात छापायचं तेवढं राहिलं, आणि ते राहिलंच. का, तर बायका पाद्र्यांचं ऐकून उजव्यांना मतं देतील ही भीती. तिकडे १९२६ ते २९ चर्च विरुद्ध सरकार अशी क्रिस्तेरोंची लढाई होऊन गेलेली, त्यामुळे धसका खरा होता, पण म्हणून काय? कोंबडी चालते, मत चालत नाही. हक्क मिळाला १९५३ ला, म्हणजे क्रांतीनंतर त्रेचाळीस वर्षांनी. सांजवारा, तुमच्या 'स्थैर्या'त ही त्रेचाळीस वर्षं कुठल्या खात्यात टाकायची?

सांजवारा

माजघर, याला माझ्याकडे उत्तर नाही. राजपत्रात न छापल्याचं मला माहीतच नव्हतं, वाचून जरा गप्पच झालो.

पण नाठाळ आणि दीड शहाणा यांना उत्तर आहे. दावं होतं, मान्य. पण १९४० ते ७० अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास वाढली, शाळा-दवाखाने खेड्यात गेले. स्पेनमध्ये फ्रँको जिंकल्यावर पळालेल्या हजारो लोकांना याच देशाने घेतलं, ट्रॉट्स्कीला कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा याच देशाने ठेवलं. हे सगळं देदासोवालं सरकारच करत होतं ना. तुम्ही लोक तराजूच्या एका पारड्यात सगळं टाकताय.

नाठाळ

तराजू नकोच, एक छोटी गोष्ट सांगतो. तुम्ही ज्या फेरनिवड-बंदीचं एवढं कौतुक करताय ती १९३३ ला खासदारांनाही लावली, म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता यायचं नाही. वरवर किती छान, नाही का? पण विचार करा, खासदाराला तीन वर्षांनी मतदारांकडे परत जायचंच नाहीये तर तो मतदारांचं ऐकेल कशाला, पुढची नोकरी पक्षाकडून मिळणार म्हणजे पक्षाचंच ऐकणार. मादेरोने ज्या घोषणेसाठी जीव दिला तिचंच कुलूप करून लोकांच्या तोंडाला लावलं. ही चलाखी मला तरी दियाझच्या काठीपेक्षा जास्त खुपते. मध्यंतरी ही बंदी उठवली होती, आता २०३० पासून परत लागू करायचं ठरलंय, आणि यावेळी पीआरआय नाही, २०१८ पासून सत्तेत असलेला मोरेना पक्ष!

वावरातला

आमच्याइकडे बी हायकमांड म्हणतेच ना, तुमाले फक्त मेक्सिकोचंच बोट दिसते :))

दीड शहाणा

धागा मेक्सिकोचा आहे भाऊ, इकडचं काढलं तर दोनशे प्रतिसाद होतील आणि सगळे एकमेकांच्या आजोबांवर.

१९८८ कोणीच काढलं नाही अजून? ६ जुलैला मतमोजणी चालू, सुरुवातीचे आकडे विरोधी उमेदवाराच्या बाजूने यायला लागले आणि निकाल येणंच थांबलं, 'सिस्टिम पडली' हा तिकडे वाक्प्रचार झाला. मग कळलं की पीआरआयचे सालिनास पन्नास टक्क्यांवर जिंकले. मतपत्रिका नंतर जाळून टाकल्या, आणि त्याला पॅन नावाच्या विरोधी पक्षानेही मान डोलावली. आता तो हरलेला, किंवा हरवलेला, उमेदवार कोण? क्वाउतेमोक कार्देनास. लासारोचा सख्खा मुलगा. बापाने बांधलेल्या यंत्राने मुलाला गिळलं. आणि त्या मोजणीच्या वेळी गृहमंत्री असलेले मानुएल बार्टलेट २०१८ ला मोरेनाच्या सरकारात वीज कंपनीचे प्रमुख झाले. यांची पात्रं कधी बदलत नाहीत.

क्वेरेतारोकर

मी इथे मेक्सिकोतल्या क्वेरेतारोत चार वर्षं आहे, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, त्यामुळे पुस्तकी माहिती तुमच्याइतकी नाही पण गाव माझं आहे म्हणून लिहितो. इथे एक जुनं नाट्यगृह आहे, तेआत्रो दे ला रेपुब्लिका. बाहेरून अगदी साधं, समोर कॉफीवाले. १८६७ मध्ये फ्रेंचांनी आणून बसवलेला सम्राट माक्सिमिलियान याच्यावर राष्ट्राध्यक्ष हुआरेझच्या माणसांनी इथेच लष्करी खटला चालवला आणि पलीकडच्या टेकडीवर गोळ्या घातल्या. १९१७ ची घटना इथेच मंजूर झाली, आठ तासांचा दिवस आणि संपाचा हक्क असलेली. आणि १९२९ ला तो पक्ष जन्मला तोही इथेच. तिन्ही एकाच छताखाली, लाल खुर्च्यांसमोर. म्हणून तुमचं 'फळली की बाधली' वाचून हसू आलं, इथे दोन्ही एकाच पत्त्यावर राहतात.

आमच्या कारखान्यात साठीतला एक फोरमन आहे, डॉन म्हणतो आम्ही त्याला, इथे मोठ्यांना तसंच म्हणतात. त्याला विचारलं पीआरआय कसा होता तर म्हणाला चोर होते, पण रस्त्यात मुडदे नव्हते. २००० ला पीआरआयला हरवणाऱ्या पॅनच्या फॉक्सला मत दिलं तेव्हा हा रडला होता म्हणे आनंदाने. मग २००६ ला राष्ट्राध्यक्ष काल्देरोनने अमली पदार्थवाल्यांविरुद्ध लष्कर उतरवलं आणि पुढचं तुम्ही वाचलंच असेल. २०१४ ला आयोत्सिनापाचे ४३ विद्यार्थी गायब झाले तेव्हा पीआरआय परत आलेला होता, म्हणजे त्याचं 'मुडदे नव्हते' पण अर्धवटच. आणि १९६८ विचारलं तर म्हणतो ते राजधानीत झालं.

आता २०२५ च्या १ जूनला न्यायाधीश निवडायला मतदान होतं, अख्ख्या देशात. तेरा टक्क्यांच्या आसपास लोक गेले. तो गेला नाही. का विचारलं तर म्हणाला नावं खूप होती आणि ओळखीचं एकही नव्हतं.

माजघर

त्यांच्या बायकोला विचारा गेली होती का.

क्वेरेतारोकर

विचारलं. ती गेली होती. कोणाला मत दिलं ते नवऱ्याला सांगत नाही, मला कुठून सांगणार.