चर्चच्या जमिनीवर घरं: धर्मसंस्थांनी त्यासाठी आमदारांकडे जावं का?

फ्रीमॉन्टकर (धागाकर्ता)

कॅलिफोर्नियात घरभाड्याचा विषय निघाला की चर्च, सिनेगॉग, मशिदींची मंडळी राजधानी सॅक्रामेंटोला आमदारांच्या दारात उभी असतात. त्यातून हाती लागलेली सगळ्यात ठोस गोष्ट म्हणजे एसबी ४ (एसबी म्हणजे सेनेट बिल). सेनेटर स्कॉट वीनर यांचं हे विधेयक २०२३ साली मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२४ पासून कायदा लागू झाला. धर्मसंस्थेच्या किंवा ना-नफा खासगी कॉलेजच्या जमिनीवर परवडणारी घरं बांधायची असतील, तर शहराला झोनिंगचं, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं या नियमांचं, कारण पुढे करून अडवता येत नाही. नियमांत बसलं की परवानगी द्यावीच लागते. सीक्वा या राज्याच्या पर्यावरण कायद्याखालचा आढावाही लागत नाही. याच धर्तीचं एसबी ८९९ हे विधेयक २०२० मध्ये विधिमंडळात अडकून पडलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. गरिबाच्या डोक्यावर छप्पर हवं असं ज्यांचा धर्म सांगतो, त्यांनी ते आमदाराला सांगितलंच पाहिजे. मात्र सांगायची रीत समजून घ्यायला हवी. समितीच्या सुनावणीत साधारणपणे दोन्ही बाजूंच्या दोन-दोन मुख्य साक्षीदारांना प्रत्येकी दोन मिनिटं मिळतात. बाकीच्यांनी मायक्रोफोनपाशी रांग लावायची आणि नाव, संस्था, पाठिंबा की विरोध एवढंच बोलून बाजूला व्हायचं. तिथे कुणी धर्मवचन म्हणायला घेतलं तर अध्यक्ष थांबवतात आणि मागची माणसं खोळंबतात. मुख्य साक्षीदाराने दोन मिनिटांत तीनच गोष्टी सांगाव्यात: जमीन किती एकर, घरं किती, आणि आज कोणत्या नियमामुळे ती होत नाहीत.

सांता क्लारा वाचक

माझा विरोध आहे, आणि तो श्रद्धेला नाही. एसबी ४ साठी जी मंडळी गेली ती गरिबांसाठी गेली तशी स्वतःच्या जमिनीसाठीही गेली. उपस्थिती घटत चाललीय, छप्पर गळतंय, पार्किंगचा अर्धा भाग आठवडाभर रिकामा. ती जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली की संस्थेचं उत्पन्न सुरू. यात गैर काही नाही, पण मग ते आमदारासमोर उघड सांगा. आणखी एक. शेजारी तेवढ्याच आकाराचा प्लॉट एखाद्या सामान्य कुटुंबाचा असेल तर त्याला हा हक्क नाही. मालक कोण यावर झोनिंग बदलणं मला पटत नाही. मागायचंच असेल तर सगळ्या जमिनींसाठी मागा.

ओकलंडची रहिवासी

@सांता क्लारा वाचक, जमीनमालकाचा फायदा होतो हे मान्य. पण त्या बदल्यात कायद्याने काय बांधून घेतलंय तेही मांडा. भाड्याची घरं असतील तर ५५ वर्षं आणि विकायची असतील तर ४५ वर्षं ती परवडणारीच ठेवावी लागतात, तशी नोंद दस्तातच होते. सगळी घरं कमी उत्पन्न गटाला द्यायची, त्यातली जास्तीत जास्त २० टक्के मध्यम उत्पन्न गटाला चालतात. संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी फक्त ५ टक्के. टॅक्स क्रेडिट (परवडणारी घरं बांधण्यासाठी मिळणारी करसवलत) घेतलं की घरं सर्वांना खुली ठेवावी लागतात, 'आमच्या पंथाचेच भाडेकरू' हे चालत नाही. सामान्य बिल्डर एवढ्या अटी स्वतःहून स्वीकारत नाही. म्हणून हक्क वेगळा, कारण जबाबदारी वेगळी.

जागेलाही अटी आहेत. अवजड उद्योगापासून १,२०० फुटांच्या आत आणि तेल उत्खनन किंवा शुद्धीकरणाच्या जागेपासून ३,२०० फुटांच्या आत ही घरं बांधता येत नाहीत. या अटी लिहिल्या गेल्या हे चांगलंच झालं. जुन्या गरीब वस्त्यांतली बरीच चर्च नेमकी कारखान्यांच्या कडेला आहेत, आणि 'गरिबांना घर' म्हणून त्यांना धुरात नेऊन बसवणं हे पुण्य नव्हे.

आकडेमोड

दोघंही परवानगीवर भांडताय. अडतं ते पैशावर. परवानगी मिळाली म्हणून इमारत उभी राहत नाही. ९ टक्क्यांच्या टॅक्स क्रेडिटसाठी कडक स्पर्धा असते आणि ४ टक्क्यांचं क्रेडिट करमुक्त रोख्यांबरोबर येतं, त्या रोख्यांचाही कोटा आहे. १० पेक्षा जास्त घरं असतील तर बांधकाम मजुरांना ठरलेले वाढीव दर द्यावे लागतात. ते न्याय्यच आहे, पण हिशेबात धरावं लागतं. त्याआधी माती तपासणी, मालकीहक्काचा अहवाल, आर्किटेक्ट यांचा खर्च, आणि तोही प्रकल्प होणार की नाही हे कळायच्या आत. शंभर माणसांच्या मंडळीकडे हा पैसा नसतो.

आणि मालकी! प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, एपिस्कोपल चर्चमध्ये स्थानिक मंडळी जमीन वापरते, पण ती संपूर्ण संप्रदायासाठी न्यास म्हणून धरलेली असते. वरच्या मंडळाची संमती घेतल्याशिवाय सही करता येत नाही. जुन्या दस्तात 'उपासना थांबली तर जमीन मूळ दात्याच्या वारसांकडे परत' अशी अट असली तर बँक पुढेच येत नाही. पहिलं काम वकिलाकडून दस्त वाचून घेणं. बरेच जण ते शेवटी करतात.

आपल्याकडे तरी काय वेगळं? महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार न्यासाची बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तरी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इथल्या, कॅलिफोर्नियातल्या मंदिरांच्या मराठी विश्वस्तांना ही सवय असते, म्हणून दस्त तपासायला सांगितलं की ते लगेच कागद काढतात.

करसल्लागार

कायद्याची बाजू राहून जातेय. उमेदवाराला पाठिंबा आणि विधेयकाला पाठिंबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करमुक्त धर्मसंस्थेला पहिल्याची बंदी १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीने आली. दुसऱ्याला परवानगी आहे, पण एकूण कामाचा 'मोठा भाग' होता कामा नये. मोठा म्हणजे किती हे कायद्यात लिहिलेलं नाही. इतर ना-नफा संस्था अमेरिकी करकायद्याचं कलम ५०१(एच) निवडून खर्चाची ठरीव मर्यादा घेऊ शकतात: पहिल्या ५ लाख डॉलरवर २० टक्के, पुढे उतरत्या दराने, कमाल १० लाख. चर्चला हा पर्यायच नाही. १९५५ च्या एका अपील निकालात ५ टक्क्यांहून कमी वेळ आणि श्रम हा 'मोठा भाग' नाही असं धरलं गेलं, त्यावरून बरेच जण ५ टक्क्यांच्या आत राहतात. म्हणून तासांची नोंद ठेवा. बेघरांची संख्या समजावून सांगणं हे लॉबिंग नाही, 'अमुक विधेयकाला होकार द्या' म्हटलं की लॉबिंग.

राज्याच्या लॉबिंग नोंदणीतली चर्चसाठीची सूटही धर्माचरणाचा हक्क राखण्यापुरती आहे. घरांच्या विधेयकावर पगारी माणूस नेमलात तर ती सूट आपल्याला लागू आहे असं गृहीत धरू नका.

सांता क्लारा वाचक

ओकलंडच्या ताईंचा ५५ वर्षांचा मुद्दा मला वजनदार वाटतो. तरी माझी हरकत उरतेच. परवानगी मोफत असते म्हणून आमदार ती पटकन देतात, पैसे मागितले की गप्प. धर्मसंस्थांनी सोपं तेवढं मागितलं आणि आमदारांना 'आम्ही घरांसाठी काहीतरी केलं' म्हणायला मोकळं केलं.

फ्रीमॉन्टकर

@सांता क्लारा वाचक, ही हरकत मला मान्य आहे, आणि म्हणूनच पुढची खेप पैशासाठी हवी. पैशाची विधेयकं अप्रोप्रिएशन्स (खर्च तपासणाऱ्या) समितीच्या 'सस्पेन्स फाइल'मध्ये जातात. खर्च सेनेटमध्ये सर्वसाधारण निधीतून ५० हजार डॉलर किंवा विधानसभेत दीड लाख डॉलरच्या वर गेला की फाइलमध्ये. तिथे साक्ष संपलेली असते, चर्चा होत नाही, एका बैठकीत शेकडो क्रमांक वाचले जातात आणि काही विधेयकं तिथेच मरतात. विषय-समितीत रांग लावणारी मंडळी या टप्प्याला घरी गेलेली असतात. पत्र तिथे हवं, प्रत्येक संस्थेचं वेगळं, विधिमंडळाच्या पोर्टलवर मुदतीच्या आत चढवलेलं, आणि विधेयकाच्या ताज्या दुरुस्त आवृत्तीवर. दुरुस्तीपूर्वीच्या कलमाला पाठिंबा देणारं पत्र समितीचे सल्लागार बाजूला ठेवतात.

थेट अर्थसंकल्पातून निधी हवा असेल तर वेळ आणखी कमी. गव्हर्नरांची सुधारित मांडणी १४ मेपर्यंत येते आणि विधिमंडळाला १५ जूनपर्यंत मंजुरी द्यावी लागते. म्हणजे आमदारांच्या भेटी मार्च-एप्रिलमध्येच. @आकडेमोड, माती तपासणी आणि आर्किटेक्टच्या सुरुवातीच्या खर्चाला राज्याचं बिनव्याजी कर्ज मागायचं झालं तर एका प्रकल्पामागे किती रक्कम लिहायची, तेवढं मांडाल का?