मदत हवी आहे : माजी विद्यार्थ्यांना कॉलेजशी कसं जोडावं?

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्लेसमेंट सेलचं काम मी बघते. नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) पाचव्या निकषासाठी माजी विद्यार्थी संघाची माहिती दरवेळी भरतो, पण शिकणाऱ्या मुलांच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही, याचं वाईट वाटतं. आमची जुनी मुलं जिल्ह्यातल्याच लोटे औद्योगिक वसाहतीतल्या केमिकल कंपन्यांत आहेत, मुंबईत, आखातात, जहाजांवर आहेत. गणपतीला, शिमग्याला हमखास गावी येतात, पण नेमकी तेव्हा कॉलेजला सुट्टी! देणगी नकोच, मुलाखतीत काय विचारतात, पहिल्या नोकरीत काय जड जातं, एवढं त्यांनी मुलांशी बोलावं. सुट्टीतच वाडीवर किंवा देवळाच्या सभामंडपात असा कार्यक्रम कोणी केलाय का? जुन्या बॅचचे फोन नंबर कसे मिळवलेत? जिल्ह्यातच नोकरी हवी असलेल्या मुलींसाठी काय करता येईल, तेही कृपया सांगा.