किलिंग्टनचा पाऊस आणि आमचा घरचा ग्रुप

(मी आणि माझा नवरा पिंटू अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीला. ताई पिंटूची बहीण, बंटी तिचा मुलगा. मेसेजच्या वेळा भारतातल्या आहेत.)

शनिवार, पहाटे ३:४०

मी: आई, एडिसनहून निघालो. पाच तासांचा रस्ता आहे. तुमचा सकाळचा चहा होईपर्यंत किलिंग्टनला पोचू. पाऊस लागलाय, पण पिंटू सावकाश चालवतोय.

सकाळी ६:१०

आई: पावसाचं नाव काढलं की मला धस्स होतं गं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हापासून रात्री सर पडली तरी जाग येते. पोचल्याबरोबर कळवा.

आत्या: पितृपंधरवड्यात डोंगरात कशाला जायचं, म्हणते मी. पुढच्या महिन्यात नसतं का काही?

कोल्हापूरचे मामा: मला आधी सांगा, हे नक्की असतं काय? शर्यत म्हणजे नुसतं पळायचं ना?

सकाळी ९:०५

मी: पोचलो. आत्या, तारीख आयोजक ठरवतात, आम्ही नाव जानेवारीतच नोंदवलं होतं. 

मामा, सांगते. याला स्पार्टन रेस म्हणतात. हा व्हरमाँट राज्यातला स्कीइंगचा डोंगर. हिवाळ्यात बर्फ असतो, बाकीच्या दिवसांत ते उतार गवताने हिरवे होतात. त्या उतारांवर चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं आणि मधे मधे अडथळे. उंच भिंती ओलांडायच्या, काटेरी तारेखालून चिखलात सरपटायचं, खडीने भरलेली बादली पोटाशी कवटाळून चढ चढायचा, दोरावर जाऊन घंटा वाजवायची, भाला फेकायचा. उद्याची, म्हणजे इथल्या शनिवारची, मोठी शर्यत, बीस्ट, २१ किलोमीटरची, ३० अडथळ्यांची. परवा छोटी, स्प्रिंट, ५ किलोमीटरची. आमच्या या शर्यतीत अडथळा जमला नाही की ३० बर्पी काढायच्या. बर्पी म्हणजे छाती जमिनीला टेकवायची, उठायचं आणि हात वर करून उडी मारायची.

कोल्हापूरचे मामा: म्हणजे जोर आणि बैठक एका दमात. तालमीत चुकलं की वस्ताद हेच लावायचे. तीस काय जास्त नाहीत.

मी: मामा, सपाटीवर नाहीत. चिखलात, चढावर, दहा किलोमीटर झाल्यावर तीस फार होतात.

बंटी: मामी किलिंग्टन १,२९३ मीटर दाखवतंय. कळसूबाई १,६४६. आपलंच उंच

मी: उंचीवर जाऊ नकोस बंटी. इथे एकदा माथा गाठला की झालं असं नसतं. वर नेतात, खाली आणतात, परत वर नेतात. नुसता चढ सहा हजार फुटांच्या घरात भरतो. आतकरवाडीतून सिंहगड एकाच दिवशी तीनदा चढलास तर जवळपास तेवढं होईल.

बंटी: बाप रे. ओके

पिंटू: आणि ही या शर्यतीची घरची जागा आहे. पहिली स्पार्टन २०१० साली याच राज्यात झाली. सुरू करणारे जो डी सेना इथून जवळच्याच पिट्सफील्ड गावात राहायचे. किती वर्षं मनात होतं इथे पळायचं.

आई: जेवलात का?

मी: हो आई. घरून डब्यात मसालेभात आणला होता. इथे रात्रीचे साडेअकरा झालेत, झोपतो आता.

शनिवार, रात्री ११:२०

आई: काही कळलं का गं? केव्हाचे गेलेत.

ताई: आई, पळताना त्यांच्याकडे फोन नसतो. सात-आठ तास सहज लागतात. झोप तू.

रविवार, पहाटे ३:१५

मी: आई, दोघंही सुखरूप आहोत. शर्यत पूर्ण झाली नाही. पिंटूला थंडी बाधली, आता ठीक आहे, पांघरूण घेऊन झोपलाय. तुम्ही उठलात की बोलू. मी जागीच आहे.

रविवार, पहाटे ५:२०

आई: थंडी बाधली म्हणजे काय? मी फोन लावतेय. उचल.

सोमवार, सकाळी ७:००

मी: मंडळी, आम्ही एडिसनला घरी पोचलो. काल फोनवर आईंना आणि ताईंना थोडक्यात सांगितलं, आता सगळ्यांना नीट सांगते.

पाऊस शुक्रवार रात्रीपासून थांबलाच नाही. तरी पहिले दहा किलोमीटर आम्ही छान होतो. अनोळखी माणसं भिंतीपाशी गुडघा वाकवून पायरी करून देत होती. आम्ही वर गेलो की वरून हात खाली सोडायचो, पुढच्याला ओढून घ्यायला. आमच्या हौशी गटात अशी मदत चालते, नंबरासाठी पळणाऱ्या स्पर्धकांच्या गटात चालत नाही. बादली मला सगळ्यात अवघड गेली. ओली खडी, हात ओले, आणि बादली खाली ठेवली की परत उचलायची ताकद नसते. पिंटू शेजारून पावलं मोजत होता, पन्नास झाली की थांब म्हणायचा.

दोर मात्र मी पहिल्या झटक्यात चढले! शाळेत माझा दोरीचा मल्लखांब होता. तिथे पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर धरायचा. इथे बूट असतात, म्हणून दोराला एका पावलाखालून वळसा देऊन दुसऱ्या पावलाने दाबायचं. अंगात मुरलेलं असतं ते वीस वर्षांनीही आठवतं. घंटा वाजवली तेव्हा खालून पिंटू इतका ओरडला की बाकीचेही वर बघायला लागले.

कोल्हापूरचे मामा: सूनबाई, तू मल्लखांबाची पोर आहेस हे इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही मला. बाळंभटदादा देवधरांची विद्या ती. अमेरिकेच्या डोंगरात कामाला आली. जीव सुखावला.

मी: मामा, तुमचा हा मेसेज मी जपून ठेवणार आहे.

पुढचं सांगते. पाण्यातला टप्पा झाला, अंग पूर्ण भिजलं आणि मग झाडी संपून उघडा उतार आला. धुकं इतकं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसायची. आणि वारा. पिंटूने वारा अडवणारं पातळ जाकीट गाडीत ठेवलं होतं. उकडेल म्हणाला, मलाही पटलं होतं. 

चौदाव्या किलोमीटरच्या आसपास त्याला खाऊचं पाकीट फाडता येईना. बोटं वळत नव्हती, दातांनीही जमेना. मग दोनदा अडखळला. बोलणं जड झालं, शब्द ओढत होता. मी त्याला सांगलीच्या घरचा फोन नंबर विचारला. तो नंबर हा झोपेतही सांगेल. चार आकडे सांगितले आणि माझ्याकडे बघत राहिला.

त्या क्षणी मी ठरवलं.

ताई: कुडकुडत होता की कुडकुडणं थांबलं होतं?

मी: जोरात कुडकुडत होता. दात वाजत होते.

ताई: मग वेळेत उतरलात. सगळ्यांसाठी लिहिते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फच लागतो असं नाही. १० ते १५ अंशांतसुद्धा होतो, जर माणूस भिजलेला, थकलेला आणि वाऱ्यात असेल. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने खेचतं. आधी बोटं काम करेनाशी होतात, मग पाय अडखळतात, जीभ जड होते, विचार करता येत नाही. यात कुडकुडणं थांबलं तर बरं वाटतंय असं समजायचं नाही. शरीर हरायला लागलंय असं समजायचं. तिथे काय केलं त्यांनी?

मी: पुढच्या अडथळ्यापाशी स्वयंसेवक होते, त्यांनी लगेच चंदेरी चादरीत गुंडाळलं आणि गाडीने खाली नेलं. तंबूत ओले कपडे काढले, कोरडं ब्लँकेट दिलं, कोमट गोड पाणी थोडं थोडं प्यायला दिलं. तापमान दोनदा घेतलं. मी त्याचे हात चोळायला गेले तर थांबवलं.

ताई: बरोबर. हातपाय चोळायचे नाहीत, छाती-पोट आधी गरम करायचं. आणि कुणी ब्रँडी वगैरे सुचवली तर ऐकायचं नाही, त्याने उष्णता आणखी जाते.

पिंटू: मी तिला सारखा म्हणत होतो, तू जा पुढे, मी उतरतो एकटा. आता कळतंय, तेव्हा मला वाट कुठली हेही सांगता आलं नसतं.

आई: सूनबाई, माझ्या लेकरासाठी एवढ्या महिन्यांची मेहनत सोडलीस. काय बोलू मी. देवासारखी उभी राहिलीस.

आत्या: बायको अशीच असावी. कर्तव्य केलंस हो.

कोल्हापूरचे मामा: मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. त्याला माणसांच्या हवाली केल्यावर तिनं पुढं जायला पाहिजे होतं. सात किलोमीटर राहिले होते. दमाची पोर आहे. गडी सुखरूप हाती दिला, मग आपली कुस्ती आपण निकाली करायची.

मी: मामा, राग नाही. तुम्ही मला दमाची म्हणालात हे मोठं आहे. पण तो काय बोलतोय हे त्या लोकांना कळत नव्हतं. तो मधेच मराठीत बोलायला लागला होता. मी नसते तर त्याला काय होतंय हे त्यांना कोण सांगणार?

आई, तुमचे शब्द वाचून डोळे भरून आले. तरी एक सांगू? हे मी बायको म्हणून नाही केलं. नाव नोंदवलं त्या रात्री आमचं ठरलं होतं की दोघं एकत्र सुटायचं, आणि एक उतरला तर दुसऱ्याने उतरायचं. मी गारठले असते तर तोही उतरला असता.

पिंटू: विचारसुद्धा केला नसता.

मी: आणि आत्या, कर्तव्य म्हणू नका, कारण मी आनंदाने नाही उतरले. पिंटू तंबूत झोपल्यावर मी बाहेर येऊन रडले. पहाटे पाचला उठून आठ महिने आमच्या इमारतीचे जिने चढले आहेत मी, पाठीवर दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन. मला ते पदक हवं होतं, अजूनही हवंय. माझा निर्णय बरोबर होता आणि मला वाईटही वाटलं, दोन्ही खरं आहे. ते वाईट वाटणं माझं माझ्याजवळ राहू द्या.

आत्या: बरं बाई. खरं आहे तुझं. तिकडचं थंडी-वाऱ्याचं मला काय कळणार. आठ महिने पहाटे उठत होतीस हे कुठे माहीत होतं आम्हाला.

ताई: मला माहीत होतं. रोज तुमच्या पहाटे मला गुडघ्याचे प्रश्न यायचे.

बंटी: मग रविवारची छोटी??

मी: रविवारी सकाळी पिंटूला मी पलंगावरून उठू देत नव्हते. तो म्हणाला, कोरडे कपडे, दोन जाकिटं, छत्री, आणि मी एका जागी उभा राहीन, पण तू पळायचंस. ताईंना फोन केला, त्यांनी परवानगी दिली तेव्हा ऐकलं.

एकटी पळणं वेगळंच होतं. ५ किलोमीटर म्हणजे थोडं वाटतं, पण सुरुवातच सरळ उभ्या चढाने होते. शनिवारी माझा भाला गवताच्या पुतळ्याला चाटून पडला होता आणि तीस बर्पी काढाव्या लागल्या होत्या. एकच संधी मिळते. रविवारी भाल्याला बांधलेली दोरी पायात येणार नाही असं बघितलं, भाला कानाशी आणला, घाई केली नाही. रुतला! शेवटी आगीवरून उडी असते. पावसात ती लाकडं धुमसत होती, धुराने डोळे चुरचुरले. पलीकडे पिंटू छत्री टाकून दोन्ही हात वर करून उभा होता.

आई: छत्री टाकून? भिजला असेल!

पिंटू: दोन मिनिटं फक्त, आई. जाकीट होतं अंगात. खरंच.

कोल्हापूरचे मामा: भाला रुतला ना? मग झालं. पदकाचा फोटो टाका.

बंटी: मामी आम्ही येत्या शनिवारी हरिश्चंद्रगडला चाललोय. आठ जण. पाऊस असणार

मी: काय घालून जाणार आहेस?

बंटी: जीन्स आणि हुडी

मी: बंटी, नाही. जीन्स आणि सुती हुडी एकदा भिजली की दिवसभर गार फडकं अंगाला बांधल्यासारखी राहते. पटकन वाळणारी पँट, पॉलिस्टरचा टीशर्ट, वारा अडवणारं जाकीट. ते सॅकमध्ये ठेव, गाडीत नाही. एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घे आणि तो मुक्कामापर्यंत उघडू नकोस. कोकणकड्यावर वारा कसा असतो हे तुझ्या मामाला विचार.

ताई: आणि कुणी अडखळायला लागलं तर आठही जण थांबायचं. सहा पुढे, दोन मागे असं करायचं नाही. हे लिहून दे मला.

बंटी: लिहून देतो आई. जाकीट नाहीये माझ्याकडे

पिंटू: मी पैसे पाठवतो. आजच घे. उकडेल म्हणून सोडू नकोस.

आई: पिंट्या.

पिंटू: काय आई?

आई: आपल्या घरचा नंबर सांग बघू.

पिंटू: आई, आता बरा आहे गं मी.

आई: सांग तरी.

पिंटू: थांब, लावतोच. त्याच नंबरवर.

आई: वाजतोय.